थांबा, थांबा, वॉटर्लू गाळू नका!

वाचली! अख्खी वाचली! पाचही भाग, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकही प्रकरण न गाळता! व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझेराब्ल'! आणि आता मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून तुम्हाला धरलंय. पळू नका!

तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे. बाई, ही कादंबरी १८६२ साली आली! आपल्याकडे १८५७ चा उठाव होऊन जेमतेम ५ वर्षं झाली होती! तिच्यावर सिनेमे निघाले, गाण्यांचं नाटक निघालं, साने गुरुजींनी ती 'दुःखी' या नावानं मराठीत आणली, साऱ्या जगाला ठाऊक आहे! असेल हो! पण मला आत्ता कळली, त्याला मी काय करू? जग आधी जेवलं म्हणून मी उपाशी राहू?

आधी माझी लायकी सांगून टाकते, म्हणजे नंतर तक्रार नको. टेंभुर्णीत आमचं कृषी सेवा केंद्र आहे. टेंभुर्णी म्हणजे जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली! पुणे-सोलापूर रस्त्यावर लागते ती माढा तालुक्यातली, ती आमची नव्हे. हे लोकांना सांगण्यात आमचा अर्धा जन्म जातो. दुकानाचा परवाना ह्यांच्या नावावर, गल्ल्यावर मी. साहित्यातलं मला काही कळत नाही. फ्रेंचचा ओ की ठो येत नाही. इंग्रजी माझं तणनाशकाच्या डब्यावरचा मजकूर लागण्यापुरतं. तेव्हा कुणाला समीक्षा हवी असेल तर त्यांनी खुशाल पान उलटावं. बाकीचे, या, बसा!

झालं असं, की 'दुःखी' मी शाळेत असताना वाचली होती आणि तिच्यातलं एवढंच आठवत होतं की कुणीतरी पाव चोरला आणि मी खूप रडले. मग मुलानं पुण्याहून, अप्पा बळवंत चौकातून, संपूर्ण इंग्रजी अनुवाद आणला. जाड! भयंकर जाड! अक्षर मुंगीएवढं! ३६५ प्रकरणं! रोज एक वाचलं तर बरोब्बर वर्ष! मी म्हटलं, ह्याला हात कोण लावतो? पण होळीनंतर आमच्या धंद्यात मंदी असते. रब्बी निघालेलं, खरिपाला अवकाश, रस्त्यावर ऊन आणि दुकानात मी. उघडली.

आणि पहिल्याच पानावर एक बिशप!

नायकाचा पत्ता नाही! नुसता बिशप! त्याचं नाव मिरिएल, गाव दिन्य, वय पंच्याहत्तर, घरात एक बहीण आणि एक म्हातारी मोलकरीण. पुढचं प्रकरण, पुन्हा बिशप. त्याच्या पुढचं, पुन्हा बिशप! दुसरं कुणी कंटाळलं असतं, पण ह्यूगोनं काय केलं माहीत आहे? त्यानं त्या बिशपाचा जमाखर्च छापलाय! ओळीनं! सरकारी पगार १५,००० फ्रँक, त्यातले स्वतःच्या घरखर्चाला फक्त १,०००, बाकी सगळे वाटून! कुठल्या संस्थेला किती, कैद्यांना किती, गरीब मास्तरांच्या पगारात भर म्हणून किती! अहो, मी रोज खतावणी लिहिणारी बाई! मला कादंबरीत जमाखर्च दिसल्यावर जो आनंद झाला तो कसा सांगू! मग बिशप सरकारकडे गाडीघोड्याचा भत्ता मागतो, ३,००० फ्रँक, आणि गावात कुजबुज सुरू होते, की बघा, शेवटी हाही तसलाच, आणि मग तो सगळा भत्ता दवाखान्याला आणि पोरक्या मुलांना देऊन मोकळा! आणि राहायला मोठा वाडा मिळालेला, तर शेजारच्या दवाखान्याच्या प्रमुखाला बोलावून म्हणतो, तुम्ही सव्वीस रोगी एवढ्याशा खोल्यांत आणि आम्ही तिघं इथं, काहीतरी चुकलंय, तुम्ही इकडे या, आम्ही तिकडे जातो! आणि गेला!

इथं माझ्या डोक्यात दिवा लागला. हे तर कीर्तन आहे! बुवा उभे राहिले की लगेच कथेला हात घालतात का? आधी पूर्वरंग! अभंग घेतील, त्याचा अर्थ सोडवतील, दृष्टान्त देतील, मधेच गावातल्या कुणाला चिमटा काढतील, आणि मंडळी नीट बसली, मन मऊ झालं, की मग उत्तररंग, आख्यान! ह्यूगोबुवांनी बिशपाचा पूर्वरंग लावलाय! एवढं कळलं आणि माझी भीती गेली. त्यानंतर तो कुठंही भरकटला तरी मी मांडी घालून बसले. फिरा बुवा, कुठं फिरायचं तिथं फिरा, आम्हाला घाई नाही!

आणि मग तो आला. जाँ व्हालजाँ! ऑक्टोबर १८१५, पायी, धुळीनं माखलेला! मूळ धंदा झाडांच्या छाटणीचा! (छाटणीवाला! आमच्या मोसंबीच्या बागेत येतो ना, तसलाच!) बहिणीची सात लेकरं उपाशी म्हणून बेकरीची काच फोडून पाव घेतला, त्याची शिक्षा ५ वर्षं, आणि पळायचा प्रयत्न केला म्हणून वाढत वाढत १९! एका पावाला १९ वर्षं! सुटला तर हातात पिवळा कागद, जिथं जाईल तिथं दाखवायचा, आणि मग खानावळीत जागा नाही, दुसऱ्या खानावळीत जागा नाही, तुरुंगाचं दार वाजवलं तर तुरुंगवालाही म्हणतो आधी अटक करून घे, आणि शेवटी एका खोपटात शिरला तर ते निघालं कुत्र्याचं, आणि कुत्र्यानंही हाकललं! कुत्र्यानं!

आणि मग बिशपाचं दार, ज्याला कुलूपच नाही. जेवण, चांदीची ताटं, पांढरी चादर. आणि रात्री हा गडी चांदी घेऊन पसार! आणि सकाळी पोलीस त्याला गचांडी धरून आणतात, आणि नेमकं त्याच क्षणी माझ्या काउंटरपाशी एक शेतकरी म्हणतो, "वहिनी, गांडूळखताची गोणी द्या," आणि मी म्हणते, "थांबा दादा, पोलीस आलेत!" बिचारा दचकून रस्त्याकडे बघायला लागला! पण सांगा, थांबणं शक्य होतं का? तिकडे बिशप पोलिसांच्या देखत त्या चोराला म्हणतोय, की अरे, मेणबत्त्यांचे दोन चांदीचे स्टँडही तुला दिले होते, ते का नाही नेलेस? मी पुस्तक मिटलं. गोणी दिली. पैसे घ्यायचे विसरले. त्या दादांनीच आठवण केली!

आता जी गोष्ट सांगते ती ऐकून तुम्ही खुर्चीतून उठाल. मी तर उठलेच. व्हालजाँ पुढे नाव बदलून एका गावात येतो आणि श्रीमंत होतो. कशावर? बांगड्यांवर! तिथं काळ्या काचमण्यांचे दागिने करायचा जुना धंदा, आणि हा पठ्ठ्या काय सुधारणा करतो, तर राळेच्या ऐवजी लाख वापरतो! लाख! आपली लाख! पळसावर, बोरीवर, कुसुमावर किडे करतात ती! हिंदुस्थान हे लाखेचं माहेरघर, आमच्या बांधाबांधावर पळस, आणि तिकडे फ्रान्सच्या एका कोपऱ्यात कादंबरीचा नायक लाखेमुळे सावकार होतो, कारखाना काढतो, गावाचा नगराध्यक्ष होतो! हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?

आणि नगराध्यक्ष झाल्यावर हा शेतकऱ्यांना सल्ले देतो! धान्याला कीड लागू नये म्हणून कोठारात कोणती फुलोऱ्यावरची वनस्पती टांगायची ते सांगतो. (आपण कडुनिंबाचा पाला घालतो ना, तेच!) आणि एकदा लोक एक खाजरं, आग करणारं तण उपटत असतात, तर तो तिथं उभा राहून म्हणतो की ह्याची कोवळी पानं भाजीला चालतात, जून झालं की वाख निघतो, कुटून घातलं तर गुरं खातात, बी चाऱ्यात मिसळलं तर गुरांच्या अंगावर तकाकी येते, मुळापासून पिवळा रंग निघतो! आणि हे वाचत मी बसलेय कुठं? तणनाशकाच्या खोक्यांना टेकून! त्या दिवशी एकही डबा विकायला माझा हात धजला नाही. (दुसऱ्या दिवशी विकले. धंदा आहे.)

इथवर आल्यावर हे प्रकरण माझ्या एकटीत राहिलं नाही. संध्याकाळी भाकरी थापताना मी सासूबाईंना थोडं थोडं सांगायला लागले. त्यांना नावं काही जमेनात, त्यांनी आपलं बारसं करून टाकलं. व्हालजाँ म्हणजे पाववाला. त्याच्या मागं हात धुऊन लागलेला पोलीस जावेर म्हणजे फौजदार. आणि तेनार्दिए, तो खानावळवाला, ज्याच्याकडे फाँतीन बिचारी आपली लेक सांभाळायला ठेवते, त्याला त्यांनी जे नाव ठेवलंय ते छापता येणार नाही! फाँतीन लेकीच्या खर्चासाठी आधी केस विकते आणि मग पुढचे दोन दात विकते, हे सांगितलं त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. आणि नाताळच्या रात्री फाँतीनची आठ वर्षांची लेक कोझेत अंधाऱ्या रानातून आपल्याएवढी पाण्याची बादली ओढत येते, आणि अचानक बादली हलकी होते, कारण मागून कुणीतरी कडी उचललेली असते, तेव्हा सासूबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पाववाला आला! व्हय ना? पाववाला आला!" आला! आत्याबाई, आला!

पण मी पुढे पळाले. मागे या. कारण कोझेतची बादली यायच्या आधी, दुसऱ्या भागाच्या तोंडालाच, ह्यूगो कथा थांबवतो आणि वॉटर्लूची लढाई सांगायला बसतो. १९ प्रकरणं! कथेतलं माणूस कुठंच नाही! मुलगा फोनवर म्हणाला, "आई, ते सोड, सगळेच सोडतात." आणि मी सोडणारच होते, पण तेवढ्यात माझी नजर पावसावर पडली.

पाऊस हो! ह्यूगोचं म्हणणं असं, की १७ आणि १८ जून १८१५ च्या मधल्या रात्री पाऊस पडला नसता तर युरोपचं भविष्य वेगळं झालं असतं! रानात चिखल झाला, तोफा हलेनात, जमीन वाळायची वाट बघत नेपोलियननं लढाई दुपारच्या तोंडावर सुरू केली, आणि तेवढ्या वेळानं घात केला! आता मला सांगा, काळ्या रानातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं का? मृगाचा एक बरा पाऊस झाला की आमच्या पांदीतून बैलगाडी जात नाही, ट्रॅक्टर रुततो, चपलेला शेर शेर माती चिकटते! जगातल्या मोठ्या मोठ्या पंडितांनी ते पान वाचून काय विचार केला असेल तो असो, मी म्हटलं, अरे सम्राटा, वाफसा नव्हता रे रानाला! वाफसा नसताना तोफा काढायच्या असतात का?

आणि मग. आणि मग! नेपोलियनच्या समोर उभा असलेला तो इंग्रज सेनापती. वेलिंग्टन. ड्यूक ऑफ वेलिंग्टन. मी म्हटलं हे नाव कुठं ऐकलंय, आणि मुलाच्या जुन्या इतिहासाच्या पुस्तकात बघितलं, आणि तिथं लिहिलेलं, की वेलिंग्टन व्हायच्या आधी त्याचं नाव आर्थर वेलस्ली, आणि हा वेलस्ली वॉटर्लूच्या १२ वर्षं आधी, २३ सप्टेंबर १८०३ ला, लढत होता कुठं? असईला! आमच्या असईला! जालना जिल्ह्यातल्या असईला, केळणा आणि जुई नदीच्या बेचक्यात, टेंभुर्णीहून मोटारसायकलवर सकाळी जाऊन जेवायला परत येता येईल एवढ्या अंतरावर! मी दुकानात एकटी होते. मी खरंच टाळी वाजवली. स्वतःशीच!

म्हणजे बघा ना, पॅरिसचा कादंबरीकार मला ज्या माणसाची गोष्ट सांगतोय, तो माणूस आमच्या शिवारातून घोडा दामटून गेलाय! आणि नुसता गेला नाही. समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांची प्रचंड फौज, याच्याकडे साडेनऊ हजारांच्या घरात माणसं. मधे केळणा. वाटाडे म्हणाले, जवळपास दुसरा उतार नाही. आणि याला दिसलं काय, तर नदीच्या अल्याड एक गाव आणि बरोबर समोर पल्याड एक गाव. आणि तो म्हणाला, समोरासमोर दोन गावं वसली आहेत म्हणजे मधे उतार असणारच, माणसं एकमेकांकडे जाणार नाहीत का! आणि होता! उतार होता! अहो, हे तर आमच्याकडे शेळ्या वळणारं पोरगंही सांगेल, आणि त्यावर त्या माणसानं लढाई जिंकली!

सहज जिंकली असं मात्र समजू नका. महादजी शिंद्यांनी दि बॉईन या युरोपियन सेनानीकडून ज्या कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या होत्या, त्यांचे वारस समोर होते. बेगम समरूच्याही पलटणी होत्या! तोफखाना असा, की वेलस्लीची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि त्याच्या खालचे दोन घोडे गेले, एक गोळीनं, एक भाल्यानं! पुढे सगळ्या युरोपात नाव कमावल्यावर, वॉटर्लू जिंकल्यावरसुद्धा, म्हातारपणी कुणीतरी त्याला विचारलं की लढाईत तुम्ही सगळ्यात भारी काय केलंत, तर तो एकच शब्द बोलला म्हणतात. असई! वॉटर्लू नाही! असई!

आता मी पुन्हा पुस्तकाकडे वळले आणि वॉटर्लूची ती १९ प्रकरणं अशी वाचली, अशी वाचली, की दुसऱ्या दिवशी डोळे सुजले. ह्यूगो स्वतः १८६१ साली त्या रणांगणावर जाऊन राहिला होता, तिथंच त्यानं ही कादंबरी पुरी केली! तो विहीर दाखवतो, बागेची भिंत दाखवतो, भिंतीला पाडलेली भोकं दाखवतो, एक घळ दाखवतो जिच्यात भरधाव घोडदळ कोसळतं (हे त्यानं फार वाढवून सांगितलंय म्हणतात, सांगू दे!), आणि वेलिंग्टनचं कौतुक करताना मात्र हात फार आखडता घेतो! फ्रेंच माणूस शेवटी! आणि शेवटच्या प्रकरणात रात्र होते, चांदणं पडतं, आणि मेलेल्यांच्या खिशातून घड्याळं आणि अंगठ्या काढत एक माणूस फिरत असतो. कोण? अहो कोण? तेनार्दिए! तोच खानावळवाला! आणि तो ज्या जखमी अधिकाऱ्याचे खिसे उलटे करतो, त्याचा जीव चुकून वाचवतो, आणि त्या अधिकाऱ्याचा मुलगा म्हणजे पुढे कोझेतच्या प्रेमात पडणारा आपला मारियुस! १९ प्रकरणांच्या गाडीला शेवटी एक खिळा, आणि त्या खिळ्यावर पुढची सगळी कादंबरी टांगलेली! हे ज्यांनी गाळलं त्यांनी काय वाचलं?

इथं मात्र माझी बडबड जरा थांबली. असईलाही रात्र झाली असेल ना? तिथंही कुणी पडलं असेल, कुणाचे खिसे कुणी चाचपले असतील, आसपासच्या गावांतून कुणी पाणी घेऊन गेलं असेल. सेनापतींची नावं, पलटणींचे आकडे, तोफांची मोजदाद (९८ तोफा हाती लागल्या, हेही लिहून ठेवलंय), सगळं मिळतं. पण त्या केळणाकाठच्या माणसाचं नाव कुठं आहे? वॉटर्लूला ह्यूगो मिळाला. असईला अजून मिळायचाय. जालन्याच्या पोरांनो, ऐकताय ना? जागा रिकामी आहे!

चला, पुढे! कारण पुढे शवपेटी आहे! व्हालजाँ आणि कोझेत पोलिसांपासून पळत पळत भिंत चढून उतरतात ते नेमके जोगिणींच्या मठात, जिथं पुरुषाला मज्जाव! आता ह्यूगो मठाचे नियम सांगणार, सांगू दे, आपण मांडी घालून बसलोय. मठातला म्हातारा माळी फोशलव्हाँ, ज्याला व्हालजाँनं पूर्वी गाडीखालून उचललेलं, तो मदतीला येतो. अडचण अशी, की मठात राहायचं तर रीतसर दारातून आत यायचं, आणि त्यासाठी आधी बाहेर जायचं! कसं जायचं? मेलेल्या जोगिणीच्या नावानं निघालेल्या शवपेटीतून! आणि फोशलव्हाँ निश्चिंत, कारण कबर खणणारा म्हातारा त्याचा दोस्त आणि पक्का दारुडा, त्याला गुत्त्यावर नेला की पेटी उघडायला मैदान मोकळं, आणि मग स्मशानाच्या दाराशी कळतं की तो दोस्त मेला, त्याच्या जागी नवा माणूस आलाय, आणि हा नवा माणूस कामाच्या वेळात पीत नाही! पीतच नाही! आणि पेटी खड्ड्यात उतरली, आणि माती पडायला लागली, आणि आत आपला पाववाला! मी हे सांगत असताना तव्यावरची भाकरी जळाली, आणि सासूबाईंचं लक्षसुद्धा गेलं नाही! भाकरी जळालेली त्यांना कळली नाही, म्हणजे विचार करा!

किती सांगू? अकरा-बारा वर्षांचा गावरोश, पॅरिसच्या रस्त्यावरचं पोरगं, राहतो कुठं? हत्तीच्या पोटात! खोटं नाही! नेपोलियनला बास्तीयच्या चौकात काशाचा प्रचंड हत्ती उभारायचा होता, पण झाला फक्त प्लास्टरचा नमुना, आणि तो खरोखरच तिथं १८४६ पर्यंत सडत उभा होता! त्याच्या पोटात हा गावरोश आणखी दोन बेघर लेकरांना झोपायला नेतो, आणि उंदरांनी चावू नये म्हणून भोवती जाळी लावतो, आणि ती जाळी त्यानं प्राणिसंग्रहालयातून उचललेली!

आणि माबफ! अरे, माबफ! याच्यासाठी तरी वाचा! ऐंशीचा म्हातारा, फुलझाडांवर पुस्तक लिहिलेला, पुस्तकांवर जीव. आणि याला नाद कसला, तर आपल्या बागेत नीळ पिकवायची! फ्रान्सच्या थंडीत नीळ! माझ्याकडे आला असता तर मी स्पष्ट सांगितलं असतं, काका, हवामान बघून पीक घ्या! पीक येत नाही. पैसे संपतात. आणि तो एकेक पुस्तक विकायला लागतो. रोज कपाटासमोर उभा राहायचा, निवडायचा, कुठलं देऊ? शेवटी एकच उरतं, आणि घरातली म्हातारी मोलकरीण आजारी पडते, औषधाला पैसे हवेत, आणि तेही जातं. मग १८३२ च्या जूनमध्ये पॅरिसमध्ये पोरं रस्ते अडवून उठाव करतात, तर हा राजकारणाचं काहीही न कळणारा म्हातारा उठून त्यांच्यात चालत जातो. पुढचं सांगत नाही. पुस्तकं विकलेल्या माणसाची गोष्ट मला पुस्तकात वाचता येतेय, एवढ्यानंच माझ्या पोटात खड्डा पडला.

आणि आता माझ्या धंद्याची गोष्ट! शेवटच्या भागात, लढाई रंगात आलेली, व्हालजाँ जखमी मारियुसला खांद्यावर टाकून गटारात उतरतो, जीव मुठीत, आणि ह्यूगोबुवा थांबतात! कशासाठी? खतासाठी! सोनखतासाठी! पॅरिस शहर दरवर्षी अडीच कोटी फ्रँक पाण्यात फेकतं, असं म्हणतो तो, कारण शहराची सगळी घाण गटारातून नदीत आणि नदीतून समुद्रात, आणि शेतं उपाशी! चीनच्या शेतकऱ्याला जे कळतं ते तुम्हाला कळत नाही, म्हणून ऐन पळापळीत झाडतोय सगळ्यांना! मी युरियाच्या थप्पीवर बसून हे वाचलं, मोठ्यानं वाचलं, आणि काउंटरपाशी उभ्या असलेल्या तीन शेतकऱ्यांना तिथल्या तिथं मराठीत सांगितलं. त्यातले एक बाबा शांतपणे म्हणाले, "बरुबर हाय त्याचं. कोन हाय हा? कृषी खात्यातला का?"

नाही हो बाबा! हा कवी! राज्यकर्त्याशी भांडण झालं म्हणून देशाबाहेर पडलेला, ग्वेर्नसे नावाच्या बेटावर घराच्या माथ्यावरच्या काचेच्या खोलीत उभ्यानं लिहिणारा! १८४५ साली सुरू केलं, १८४८ च्या क्रांतीनं हात थांबला, बाड पेटीत पडलं, १८६० साली पुन्हा काढलं, आणि १८६२ साली जगापुढे आलं! एवढी वर्षं त्याला लिहायला लागली, मग मला वाचायला होळीपासून पेरण्या उलटून जाईपर्यंत वेळ लागला तर काय बिघडलं? जूनमध्ये कपाशीच्या बियाण्याची झुंबड, त्यात मी पुस्तक गल्ल्याखाली ठेवून दोन गिऱ्हाइकांच्या मधे अर्धं पान! अर्धं पानही पुरतं. खरंच पुरतं!

आणि ही गोष्ट कुठं कुठं पोचलीय ते ऐका. सोहराब मोदींनी १९५५ साली हिच्यावर 'कुंदन' काढला, हिंदीत. त्याच्या ५ वर्षं आधी तमिळमध्ये एक सिनेमा निघाला, त्यात सीतारामन नावाच्या नटानं तो फौजदार जावेर असा काही रंगवला, की लोक त्याला जन्मभर जावर सीतारामन म्हणत राहिले! फ्रान्सच्या कागदावरचा पोलीस मद्रासच्या माणसाच्या नावाला चिकटला! म्हणजे सासूबाईंनी बारसं केलं ते काही पहिलंच नव्हे!

तर आता तुमचं काम. हो, तुमचं! इथपर्यंत आलात म्हणजे तुम्ही यात सामील आहात. पुस्तक मिळवा, मराठी, इंग्रजी, जे जमेल ते. नावं जमत नसतील तर स्वतःची ठेवा, ह्यूगो काही टेंभुर्णीला येऊन विचारणार नाही. बिशप आला की पाय पसरा. लुई फिलिप नावाच्या राजावर तो बोलायला लागला की जांभई येईल, येऊ द्या, वाचत राहा. वॉटर्लू गाळू नका! मठ गाळू नका! गटार तर मुळीच गाळू नका! आणि एकट्यानं वाचू नका. घरात कुणालातरी रोज संध्याकाळी सांगा, मग बघा तुम्हीच कसे पुढचं पान उलटायला धावता ते.

रविवारी मी ह्यांना घेऊन असईला निघालेय, केळणेचा तो उतार शोधायला. सापडेल न सापडेल, यायचं असेल तर सकाळी दुकानापाशी या. फक्त एक अट. सासूबाईही येणार आहेत, आणि त्या अजून बॅरिकेडपाशीच आहेत. फौजदाराला बांधून ठेवलाय आणि पाववाल्याच्या हातात पिस्तूल आलंय, तिथं मी काल मुद्दाम थांबले. रस्त्यात त्या तुम्हाला गाठणार, खोदून खोदून विचारणार, "तुमी वाचलंय ना? मंग सांगा की, मारतो का सोडतो?"

कुणी तोंड उघडायचं नाही!